आठ दिवस आधी

ऑफिसात सगळे त्यांना तारीखबाई म्हणत. शहरातल्या दोनशे बारा लिफ्टांच्या तपासणीच्या तारखा सव्वीस वर्षं त्यांच्या लाल वहीत होत्या. एकही हुकली नव्हती. मग वही गेली, कॉम्प्युटर आला आणि पहिल्याच महिन्यात हुकली.

बाईंनी कॅलेंडरात तारीख नीट घातली होती. रिमाइंडरही वाजला, पण तपासणीच्या पंधरा मिनिटं आधी. पंधरा मिनिटं ही मशिनची आपली सवय. ती बदलायची असते, हे बाईंना ठाऊकच नव्हतं. इन्स्पेक्टरला कुणी कळवलंच नव्हतं. लिफ्टला टाळं लागलं आणि चौथ्या मजल्यावरच्या, चाकाच्या खुर्चीतल्या आजी नऊ दिवस घरात अडकल्या.

"आणखी एक हुकली, तर तुमचं टेबल रेकॉर्डरूममध्ये," साहेब म्हणाले. "जुने कागद सांभाळा. निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत."

"म्हणजे मीही जुना कागद."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

घरी लेक म्हणाली, "आई, जा ना तिकडे. निवांत बस."

"निवांत बसायला मी काय फुलदाणी आहे? ती पंधरा मिनिटं कुठून बदलायची ते दाखव. तहान लागल्यावर विहीर खणायला सांगतंय मेलं."

लेकीनं एकदा दाखवलं. दुसऱ्यांदा दाखवायला गेली, तर बाईंनी तिचा हात बाजूला सारला.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत दहा लिफ्ट. प्रत्येकीला तीन रिमाइंडर: वीस दिवस, आठ दिवस, एक दिवस आधी. मेलचे फोल्डरही तीनच: 'कळवायचंय', 'उत्तर यायचंय', 'ठरलं'. आवक-जावक बघणारे भाऊ डबा उघडता उघडता म्हणाले, "बाई, मी लग्नाचा वाढदिवससुद्धा एवढा जपत नाही."

"म्हणून तर वहिनी बोलत नाहीत तुमच्याशी."

सहा महिन्यांनी आजींच्या इमारतीची पाळी पुन्हा आली. वीस दिवस आधी बाईंनी इन्स्पेक्टरना मेल केला. आठ दिवस आधी रिमाइंडर वाजला, तेव्हा तो मेल 'उत्तर यायचंय'मध्येच पडून होता. बाईंनी फोन उचलला.

"अहो, मी सोमवारपासून रजेवर आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"मग तुमच्या जागी कोण?"

"इतक्या घाईत कसं सांगू?"

"घाई कसली? आठ दिवस आहेत की."

दुसरे इन्स्पेक्टर मिळेपर्यंत त्यांनी फोन सोडला नाही. मुदतीच्या दोन दिवस आधी लिफ्ट पास झाली आणि तो मेल 'ठरलं'मध्ये जाऊन बसला.

संध्याकाळी साहेब बाईंच्या टेबलाशी येऊन घुटमळले. "माझ्याकडे चार हजार मेल तुंबलेत. तुमच्यासारखे फोल्डर करून द्याल?"

"देईन. टेबल कुठे ठेवताय माझं?"

"आहे तिथेच."

बाईंनी कॅलेंडर उघडलं. "कधी करायचं?"

"उद्या जमेल?"

"उद्या नाही जमायचं, साहेब. मला आठ दिवस आधी सांगायचं."