सतरा ओळींची धामण

कुणी सापाचा फोटो पाठवला की मी चष्मा शोधायच्या आधी नाव सांगून मोकळी होते, आणि ही काही चांगली सवय नाही. डिंगोऱ्याला आमची शेती आहे. शिवारात निघालेले साप ओळखायचे आणि वहीत लिहून ठेवायचे, हा माझा वीसेक वर्षांचा नाद. त्या वहीत धामणीला दोन पानं दिलेली. एका पानावर उसातली, पिवळसर. दुसऱ्यावर डोंगरातली, काळपट. हे दोन वेगळे प्रकार आहेत असं माझं मीच ठरवून टाकलं होतं. चूक काढणार कोण? सापाचं नाव काढलं की आमच्या घरात सगळे पाय वर घेऊन बसतात.

माझी भाची पारगावची, घाटघरला दिलेली. दिलेली म्हणायचं आपलं, जुन्नरच्या कॉलेजात मुलगा तिनंच पसंत केला आणि मग आम्हाला सांगितलं. भावकी तेव्हाच म्हणाली होती, "डोंगरात चार म्हयने तरी टिकंल का ही?"

चौथ्याच महिन्यात तिनं एक फोटो पाठवला, पाठोपाठ फोन आला. भाताच्या कणगीमागं लांबलचक काळा साप होता आणि ती जवळ गेल्यावर मान फुगवून गुरगुरला होता. सासूबाई म्हणत होत्या, धामण आहे, दरवर्षी येते, उंदीर खाते, तिला हात लावायचा नाही.

"मावशी, नाग तर न्हाई ना गं?"

फोटोत धामणच होती. तेवढं सांगून गप बसायचं की नाही? पण माझं शहाणपण उतू चाललेलं. म्हणाले, "धामणच हाय. पण तुमच्याकडची वेगळी असती बाई. उसातल्यावानी गरीब असंल का, ते काय मी सांगत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पोरगी बॅग घेऊन माहेरी.

भावकीला आयतंच कोलीत मिळालं. येईल तो दारात उभा राहून म्हणे, सांगितलं व्हतं. भाचीचं म्हणणं एकच, साप काढा, मी येते. जावयाचंही एकच. धामण काढली आणि उंदरांनी बियाण्याचं भात खाल्लं तर पेरायचं काय? तोही खोटं बोलत नव्हता. असे दहा दिवस गेले. माझ्या बहिणीनं मग मला फैलावर घेतलं. "तूच पेटवलंस, आता तूच इझव."

मी जावयाला फोन केला. कणगीमागं कात पडली असेल तर घेऊन पारगावला ये, मीही तिथं पोचते म्हटलं. निदान नागाची नाही एवढं तरी पोरीला दाखवता आलं असतं. तो वर्तमानपत्रात गुंडाळून कात घेऊन आला आणि ओट्याच्या कडेला बसला. दाढी वाढलेली, चहाला हात लावला नाही. भाची दारातून बघत होती. एकाएकी ती उसाकडं गेली आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून पिवळ्या धामणीची कात घेऊन आली. तिच्या लहानपणापासून तिथं धामण असते आणि तिला कुणी भीत नाही.

तिनं दोन्ही काती ओट्यावर शेजारी ठेवल्या. "आता फरक दाखव."

मी वाकून बघितलं. कातीत रंग उतरत नाही. दोन्ही कांद्याच्या सालासारख्या दिसत होत्या, कुठली काळीची नि कुठली पिवळीची कळेना. मग मी तिला खवले मोजायला शिकवलं. अंगाच्या मधोमध, पोटाची रुंद पट्टी सोडून, तिरपं मोजत जायचं. धामणीच्या सतरा ओळी भरतात, नागाच्या जास्त. तिनं सुईच्या टोकानं मोजलं. घाटघरची सतरा. पारगावची सतरा.

"चुकलीस. परत मोज," मी म्हणाले.

परत सतरा. मग मी चष्मा लावून स्वतः मोजलं. डोक्याकडचे खवले बघितले, शेपटीकडचे बघितले. तसूभर फरक नव्हता.

"मग वेगळं काय हाय, मावशी?"

"रंग."

"नुसता रंग?"

"आन् माझा आगाऊपणा," मी म्हणाले. बहीण फिसकन हसली. मला मात्र खरंच लाज वाटली. दोन पानांच्या हौसेपायी मी पोरीचा संसार दहा दिवस टांगणीला लावला होता.

भाचीनं नवऱ्याकडं बघितलं, त्याचा गार झालेला चहा उचलून आत नेला आणि दुसरा गरम करून आणला. मग ओट्यावरच बसून तिनं सासूला फोन लावला. तिकडं रेंज धड नसते म्हणून सासूबाई मोठ्यानं बोलत होत्या, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई, निघतोय आमी. माझा बी भात टाका."

"रोजच टाकते गं," सासूबाई म्हणाल्या.