गारखेड्याचा कर्फ्यू जर्मनीत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधेच हसलात तर चहा सांडेल! जर्मनीत जाऊन मी माझी जी शोभा करून घेतली, तशी आमच्या अख्ख्या गारखेड्यात कुणी केली नसेल.

तेव्हा आपल्या औरंगाबादेत कारखाने धडाधड उभे राहत होते. आमच्या कंपनीनं नवं मशीन घेतलं आणि ते शिकायला दोघांना जर्मनीला धाडलं. एक मी, डिप्लोमावाला सुपरवायझर. दुसरा बिरू, पाचोडचा फिटर, बाप मेंढरं राखायचा. परतल्यावर मशीनचा चार्ज एकालाच मिळणार होता आणि तो कुणाला द्यायचा, हे तिथला जर्मन साहेब कळवणार होता. मी तर मनातल्या मनात पेढेसुद्धा वाटून टाकले होते!

शनिवारी संध्याकाळी पोचलो. रविवारी दुपारी साहेबानं आम्हाला घरी जेवायला बोलावलेलं.

सकाळी लॉजच्या खिडकीतून पाहतो तर काय? एकूण एक दुकान बंद! रस्त्यावर चिटपाखरू नाही. तेवढ्यात पोलिसांची गाडी हळूहळू गेली. मी झटकन पडदा ओढला आणि फटीला डोळा लावला.

"बिरू, कर्फ्यू लागलाय!"

"कशावरनं, सायेब?"

कशावरून म्हणे! अहो, विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत मी कर्फ्यूत मुरलेला माणूस. तेव्हा लोक हक्कासाठी रस्त्यावर उतरत होते, डोकी फोडून घेत होते. आणि आम्ही शिकलेसवरलेले कुणाच्या बाजूला होतो? पडद्याच्या मागच्या! पिठाचा डबा भरायचा, पडदे ओढायचे आणि फटीतून समाजाची काळजी करायची.

"ती बाई तर कुत्रं हिंडवायलीय," बिरू म्हणाला.

"पोलिसाची बायको असेल."

"आन् सायबाकडचं जेवण?"

"अरे, जीव मोठा की जेवण?"

"मला लई भूक लागलीय. हाणलं तर हाणलं!" म्हणत तो गेलासुद्धा. मी कडी लावली आणि दाराला खुर्ची टेकवली.

आता कर्फ्यूत पहिलं काम कोणतं? पाणी भरणं! मी ग्लास भरले, फुलदाणी भरली, मग न्हाणीतल्या लांबलचक टबाचा नळ सोडला. फोन वाजला, उचलला नाही. टब भरेपर्यंत म्हणून जरा पलंगावर टेकलो आणि डोळा लागला.

दारावर धाडधाड थापा! संपलो, म्हटलं. पाय खाली टाकले तर घोट्याएवढं पाणी. तसाच छपछप करत गेलो आणि दार उघडून दोन्ही हात वर केले.

समोर लॉजची मालकीण, डोक्यावरून पाणी निथळतंय. तिचं स्वयंपाकघर बरोबर माझ्या खाली होतं. तिच्यामागं जर्मन साहेब. त्याच्यामागं बिरू, हातात माझ्यासाठी बांधून आणलेला केक.

"सायेब," बिरू हळूच म्हणाला, "हितं रविवारी दुकानं बंदच असत्यात. सायबानं क्यालेंडर दावलं."

"आणि मी का आलो नाही, ते काय सांगितलंस?"

"खरं तेच."

"तुला कुठं त्यांची भाषा येते?"

"भाषा कशाला पायजे? त्यांचा पडदा वढला, फटीला डोळा लावला आन् थरथर कापून दावलं. सायेब हसून हसून खुर्चीवरनं पडला!"

चार्ज कुणाला मिळाला, हे वेगळं सांगायला हवं का? पुढं नोकरी संपेपर्यंत मी बिरूच्या हाताखाली काम केलं. माणूस दिलदार, कधी आवाज चढवला नाही. फक्त दर सुट्टीच्या आदल्या दिवशी, सगळ्या कामगारांसमोर, तो न चुकता मला म्हणायचा,

"सायेब, उद्या कर्फ्यू हाय बरं का. पाणी भरून ठिवा!"