वरच्या तीन जागा

बाबलीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मुळगावात पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंपू साडेसहाच्या आधी ऐकू येत नसे, म्हणून त्याच्या डब्यात पाव असायचा तो कालचा. विहिरीच्या सहा खेपा, गाईला वैरण, वाटीभर पेज, आणि मग सहाची पहिली गाडी. साखळीला उतरून तो डोंगराची वाट धरी. सव्वा तासाची चढण. पावणेआठला तो कामावर हजर. सुर्ल्याच्या खाणीवर तीस वर्षे तो असाच गेला होता, आणि खाणी बंद पडल्या त्या दिवसापर्यंत त्याच्या नावावर एकही उशीर लागला नव्हता.

खाणी बंद झाल्याला दुसरे वर्ष लागले तेव्हा त्याला हे रानातले काम मिळाले. साखळीचे कृष्णनाथबाब बँकेतून निवृत्त झाले होते. काजूच्या बागेच्या वर त्यांचा रानाचा एक तुकडा होता, तिथे त्यांनी कॅम्प काढला. दिवा नाही, नळ नाही, खोली नाही. झाडांखाली तंबू ठोकायच्या सहा जागा, पाण्याला एक झर, चुलीला तीन दगड, आणि मागे झाडीत शौचाला आडोसा करून खणलेला खड्डा. पणजीची, पुण्याची, बंगळूरची माणसे पैसे मोजून यायची आणि भुईवर झोपून जायची. बाबलीला याचे नवल वाटायचे, पण मजुरी रोजच्या रोज मिळत होती, तेव्हा ते नवल त्याने आपल्यापाशीच ठेवले.

कामाला माणसे दोन. वरच्या तीन जागा बाबलीकडे, ओहळाकडच्या खालच्या तीन धाकूकडे. धाकू दोडामार्गकडचा, बाबलीपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, काजूबागेतल्या खोपटात राहणारा. कृष्णनाथबाबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते की मे अखेर कॅम्प बंद होईल. पावसाचे चार महिने झर, वाटा आणि बाग सांभाळायला एकच माणूस लागेल, आणि जो राहील तो पुढे बारमाही राहील. दोघांत कोण, ते काम बघून ठरेल.

काम बघून, म्हटल्यावर बाबली निश्चिंत झाला. कामात त्याला कोण हरवणार?

त्याने पहिल्या पंधरवड्यात तिन्ही जागा नव्याने केल्या. मुळे तोडली, खळगे भरले, बागेच्या बांधाकडून तांबडी माती डोक्यावरून आणली, एका जागेला एकसष्ट पाट्या. पाणी मारून चोपण्याने चोपली. कडेने चिऱ्याचे तुकडे बसवले. शेणाने सारवले आणि दिवसातून दोनदा हिराच्या केरसुणीने झाडले. पान पडले की उचलले. लग्नाच्या मांडवाखाली शोभावी अशी जमीन झाली. धाकू ओहळावरून वर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिला, आणि म्हणाला, "दादा, हय लगीन कोणाचा आसा?"

बाबली केरसुणी फिरवत राहिला. खाली धाकूच्या जागांवर घोटाभर पाचोळा होता, मुळे जशीच्या तशी वर आलेली होती. बाबली सकाळी पोचे तेव्हा धाकू एका मुळावर बसून विडी ओढत असे. रोज. बाबलीने मोजले होते, पावणेआठ ते साडेआठ, विड्या दोन, काम शून्य.

आणि पाहुणे येत ते वरच्या जागांवरून चालत, छान आहे म्हणत, आणि खाली जात.

आधी त्याला वाटले, ओहळ जवळ म्हणून. मग एकदा एक जोडपे वर थांबले. त्यांनी तंबू पसरला, खुंटी ठोकली, ती वाकली. दुसरी ठोकली, तीही वाकली. बाबलीने घण आणून स्वतः ठोकली तर ती मोडलीच. मुलगी हसत नवऱ्याला म्हणाली की आपण रानात आलोय की कुणाच्या अंगणात? मग ती दोघे सामान उचलून खाली गेली. धाकूच्या पाचोळ्यात खुंटी लोण्यात सुरी जावी तशी गेली.

डिसेंबर संपला तेव्हा वरच्या जागांवर दोनच तंबू लागले होते. खालच्या जागांवर एकोणीस.

बाबलीचा जीव तेव्हापासून जळू लागला. तो धाकूच्या वाऱ्यालाही उभा राहीना. जेवायला वर एकटा बसू लागला. खाली कोणी धाकूच्या पाठीवर थाप मारली, कोणी त्याच्याबरोबर फोटो काढला, की बाबली डबा अर्ध्यावरच बंद करी. खालून हसू ऐकू आले की ते आपल्यालाच आहे असे त्याला वाटे. खाणीवर त्याच्यापेक्षा जास्त कमावणारे खूप होते. ड्रायव्हर होते, ऑपरेटर होते. त्यांचा हेवा त्याने कधी केला नव्हता, कारण त्यांना जे येत होते ते याला येत नव्हते. पण न करणाऱ्याचे बरे व्हावे, हे त्याच्या तीस वर्षांच्या हिशेबात कुठे बसत नव्हते.

घरी तो बायकोला, चंद्रावतीला, हेच सांगत राही. तिने महिनाभर ऐकून घेतले. मग एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो काही करत नाही आणि त्याचं चाललंय ना? मग तूही करू नको."

"मला नाही जमत गे ते."

"मग तेवढं तरी त्याला तुझ्यापेक्षा जास्त येतं म्हण."



जानेवारीत कृष्णनाथबाबांनी हळूच सांगितले की जमीन मोकळी कर, खुंटी जात नाही. रान रानासारखे दिसू दे. पंधरा दिवसांचे काम बाबलीने दोन दिवसांत कुदळीने फोडले. आपल्याच हाताने चोपलेल्या जमिनीवर कुदळ मारताना ती उसळून परत येत होती, इतकी जमीन पक्की होती. मग ओहळाच्या खोलगट भागातून पाचोळा भरून आणला. एका जागेला बावीस पाट्या. सांडला, पसरला, लांब जाऊन बघितला. तो ओतलेला दिसत होता. पुन्हा हाताने विसकटला. काम केलेले दिसू नये म्हणून काम करायचे, असला प्रकार त्याने जन्मात केला नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पुण्याची चार मुले वरच्या जागेवर उतरली. बाबली सुखावला. झरीवरून त्यांचे पाणीही त्याने स्वतः आणून दिले. संध्याकाळी एकाच्या बुटात विंचू निघाला. तो मारेपर्यंत दुसरा तंबूच्या कडेला दिसला. शिवाय मुंगळे. चावले कुणालाच नाही, पण अंधार पडायच्या आत मुलांनी तंबू उपटला आणि खाली नेला. नेताना बाबलीने एका बाजूने धरला, कारण धरणे भाग होते. खाली धाकूने काही न विचारता जागा दाखवली.

खालच्या पाचोळ्यात एक विंचू नाही, आणि वर दोन? घरी जाताना गाडीत बाबलीचे उत्तर तयार झाले. धाकूने सोडले. दुसरे काय! आपण पावणेआठला पोचतो, त्याआधी तो रानात एकटा असतो. तेव्हा काय काय करत असेल कोण जाणे. त्याला पकडायचे, आणि कृष्णनाथबाबांसमोर उभे करायचे.

सोमवारी त्याने गाडीची वाट बघितली नाही. साडेतीनला उठला, चंद्रावतीला झरीचे काम आहे म्हणून सांगितले, सायकल काढली. साखळीच्या पुढे चढणीला ती ढकलत नेली. झाडांचे बुंधे वेगळे दिसू लागले तेव्हा तो खालच्या जागांवर पोचला आणि एका जाड किंदळाच्या झाडाआड उभा राहिला.

धाकू तिथे होता. उकिडवा बसलेला, पाठ इकडे. हातात दुबेळकी, टोकाला फाटा असलेली काठी. पाचोळ्याच्या एका कडेपासून तो सुरुवात करी. काठीने वीतभर पाने उचली, खाली बघी, ती पाने पालथी न घालता जशी होती तशी परत ठेवी, ओली बाजू भुईला. मग पुढची वीत. मध्येच थांबला. चिरलेल्या बांबूच्या चिमट्यात एक विंचू धरला, उठला, ओहळ ओलांडून पलीकडे सोडून आला आणि पुन्हा त्याच वितीवर बसला. बाबली बघत राहिला. एक जागा पुरी व्हायला अर्धा तास लागला, आणि पुरी झाल्यावर तिच्यावर कोणी बोट लावले असेल असे दिसत नव्हते.

दुसऱ्या जागेकडे सरकताना धाकू मागे न बघता म्हणाला, "दादा, झाडामागे उभे रवा नकात. पानां परतूक लागा."

बाबली पुढे आला.  त्याने एवढेच विचारले, "हे रोज करतोस?"

"जागा केल्यापासून. उजाडल्यावर. उन्ह चढला की ती सगळी मुळांखाली जातत, मगे गावनत नाय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलात कधी? तुमी माझे विडये मोजीत होतात."

बाबलीने खाली बसून पाने परतली. वीतभर जागेत त्याने तीन पाने पालथी घातली आणि एक फाडले. धाकूने ती सुलटी केली. रागाने नव्हे, आणि तेच जास्त लागले.

लोकांना वाटेल की तिथून दोघांचे जुळले. तसे काही झाले नाही. आतापर्यंत बाबली धाकूला आळशी म्हणू शकत होता, तो आधारही गेला. आता हेवा त्याच्या नशिबाचा राहिला नाही, हाताचा झाला. हा दुसरा हेवा पहिल्यापेक्षा वाईट असतो. बाबली आता आठवड्यातून चार दिवस सायकलने येऊ लागला आणि वरच्या जागा वीत वीत परतू लागला. धाकूला तीन जागांना दीड तास लागे, बाबलीला तीन. पहार आणि घण धरलेली बोटे पानावर हलकी पडत नसत. तो मान वर करून खाली बघे, आणि धाकूची पाठ त्याच्या आधी सरळ झालेली असे. मार्चमध्ये तो अडीच तासांवर आला. एप्रिलात सव्वादोन. वर तंबू लागू लागले, एका शनिवारी तिन्ही जागा भरल्या. बाबलीला त्याचा आनंद पुरता घेता आला नाही, कारण खालच्याही भरल्या होत्या.

मे संपता संपता कृष्णनाथबाबांनी त्याला बागेत बोलावले आणि पावसाचे काम तुझे, म्हणून सांगितले. बाबलीच्या कानशिलांवर ऊब आली. तो काही बोलणार तोच ते सरळ मनाने पुढे म्हणाले, "आधी धाकूला विचारलं होतं. त्याला गावी लावणीला जायचं आहे, शेत आहे त्याचं. तोच म्हणाला, बाबलीदादाला ठेवा. काम शिकलाय तो आता."

काम शिकलाय. पंचावन्न वर्षांच्या माणसाला. ज्याने अर्धा डोंगर खणला आणि भरला त्याला.

त्याला नाही म्हणायचे होते. शब्द जिभेवर आला होता. खाली ओहळाकडे धाकू आपली पिशवी बांधत होता, आणि एकदा वर बघून त्याने हात हलवला. बाबलीने हात हलवला नाही. कळशीतले पाणी तो घटघटा प्यायला, पंच्याने तोंड पुसले आणि म्हणाला, "कधीपासून येऊ?"

चार महिने तो आला. छत्री टिकत नसे, म्हणून इरले घेऊन आला. झरीचे तोंड रोज मोकळे केले, वाटेवर पडलेली सतरा झाडे तोडून बाजूला ओढली, बागेत शिरलेली गुरे हाकली. धाकूची दुबेळकी काठी एका फांदीत अडकवलेली त्याला दिसली होती. ती त्याने तिथेच राहू दिली आणि स्वतःची वेगळी तोडली. तंबू नव्हते, पाहुणे नव्हते, तरी उघडीप मिळाली की तो सहाही जागा परतायचा. आपल्याला किती वेळ लागतो ते कुणी बघत नव्हते. तो मात्र बघत होता.

चार महिन्यांची मजुरी त्याने मोडली नाही. चंद्रावती लग्न होऊन आल्यापासून अठ्ठावीस पावसाळे घरामागच्या काजूच्या टेकाडावर जात होती, पहाटे, एका हातात तांब्या आणि एका हातात छत्री. तिच्या गुडघ्यांना आता तो निसरडा चढ झेपत नव्हता. दसऱ्याच्या आधी त्या पैशांतून घरामागे संडास झाला. भिंतींना चिरे, वर पत्रा, साखळीहून टेम्पोने आणलेले पांढरे भांडे, आणि दाराला आतून कडी.