भडक्याने पाडलेली भिंत

भडक्या हे काही त्याचे खरे नाव नव्हे, पण त्याच नावाने हाक मारली की तो ओ द्यायचा. धंद्याने पाथरवट. एकदा त्याने मुकादमाचा दात पाडला आणि लगेच त्यालाच खांद्यावर टाकून दवाखान्यात नेले. असा माणूस! बाप भिंत कोसळून गेला, तेव्हापासून धाकट्या भावाला त्यानेच वाढवले. प्रेमाने आणि लाथांनी.

आमच्या घरामागचा उतार खचून माती स्वयंपाकघराच्या दाराशी आली, तेव्हा तो अडवणारी भिंत बांधायला मी त्याला बोलावले. ना चुना, ना सिमेंट. नुसते दगडावर दगड. एका टोकाकडून भडक्या, दुसऱ्याकडून धाकटा. मधे गाठ पडेपर्यंत दोघांची शिव्यांची जुगलबंदी चाले.

धाकट्याची बाजू देखणी दिसू लागली. आमच्या हिने खिडकीतून दाद दिली, "भावजी, तुमचा हात किती सुबक हो!"

भडक्याने मान वळवली आणि त्याचा चेहराच फिरला. लांब दगडाचे तोंड तेवढे बाहेर ठेवून बाकीचा मातीत खोल घुसवायचा, तरच तो उतार धरतो. धाकट्याने काम लवकर उरकावे म्हणून असे लांब दगड दर्शनी बाजूला आडवे निजवले होते. मागे सगळी भुसभुशीत माती.

भडक्याने पहार खुपसली. अर्धी भिंत गडगडत खाली आली.

"दादा, डोकं फिरलंय का तुझं?"

"बाप कशाखाली गेला, विसरलास? या दारातून ही माणसं रोज ये-जा करणार!"

"बाप गेला त्या दिवसापासून तू मलाच बडवतोयस!"

धाकट्याने हातोडा भिरकावला. भडक्याच्या उजव्या पंजाचे हाड मोडल्याचा आवाज मला ओट्यावर ऐकू आला. भडक्याने डाव्या हाताने त्याचा गळा धरला, डोके चिखलात दाबले, नाकावर गुडघा घातला. मी ओरडलो, "थांबा!" वर्गात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा मास्तरी आवाज त्या दोघांपर्यंत मात्र पोचला नाही.

धाकटा त्याच्या मनगटाला कडकडून चावला, सुटला, आणि त्याला उताणा ढकलून एक लांबोडका दगड दोन्ही हातांनी उचलून त्याच्या डोक्याशी उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत खून होता.

भडक्या उताणा पडून म्हणाला, "घाल. पण आधी सांग, ह्याची लांबी कुठे जायला हवी?"

धाकट्याच्या नाकातले रक्त हनुवटीवरून दगडावर ठिबकत होते.

"बोल ना, गाढवा!"

"आत."

"मग माझ्या टाळक्यात कशाला घालतोस? तिथं जागा नाही."

धाकटा हुंदका देऊन फिरला. भिंतीच्या पायाशी बसला, दगड वळवला आणि उतारात ढकलला. ही पाणी आणि फडके घेऊन धावली. भडक्याने मोडका हात तिच्यापुढे केला, पण नजर भावावरच.

"अजून आत," तो खेकसला.