मेंढरांच्या तळावरचा रेडिओवाला

सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात नाथाजी फौजेतून सुटून माणदेशात घरी आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक हिरवी लोखंडी पेटी होती. एकट्याला ती उचलवत नव्हती. दहिवडीहून ती बैलगाडीत घालून आणावी लागली, आणि गाडी वाडीत शिरायच्या आधीच नाथाजीनं लढाईतून धन आणल्याची बातमी घरोघर पोचली होती. थोरला भाऊ कोंडीबा यानं अंगणात नवं घोंगडं अंथरलं. चार शेजारी जमले. नाथाजीनं कुलूप काढलं, झाकण उचललं. आत तारांची भेंडोळी होती, मेणकापडात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या होत्या, कानाला लावायचे दोन काळे डबे होते आणि एका पिशवीत बोटाच्या पेराएवढ्या शेकडो पुंगळ्या होत्या.

कोंडीबानं एक पुंगळी उचलून कानाजवळ हलवून पाहिली. "ह्यात काय हाय?"

"कागद आनी मेण," नाथाजी म्हणाला. "कंडेन्सर म्हंत्यात त्याला."

शेजारी एकेक करून उठून गेले. कोंडीबानं घोंगडं झटकून घडी घातली.

नाथाजी धनगराचा. बेचाळीसला पाऊस दगा देऊन गेला आणि तो भरती झाला. जनावरांची माहिती आहे म्हटल्यावर साहेबानं त्याला खेचरांवर नेमलं. त्याच्या खेचराच्या पाठीवर बिनतारी संदेशाचं यंत्र असे. आसामच्या डोंगरात एकदा ते खेचर चिखलात घसरलं आणि यंत्र मुकं झालं. बरोबरच्या मद्रासी हवालदारानं तिथंच झाडाखाली ते उघडलं, आतली एक पुंगळी काढून दुसरी बसवली, आणि त्या डब्यातून चाळीस मैलांवरचा माणूस बोलायला लागला. त्या दिवशी नाथाजी खेचराला चंदी द्यायची विसरला. पुढं रोज तो हवालदाराच्या जवळ जाऊन बसू लागला. हवालदारानं आधी हाकललं, मग नुसतं बसू दिलं, मग हातात तार दिली. अडलेल्या मेंढीच्या पोटातून कोकरू सोडवणारी नाथाजीची बोटं. ती त्या दाटीवाटीच्या डब्यात कुठंही अलगद शिरत. दीड वर्षानं हवालदारानंच त्याला जबलपूरला शिकायला पाठवलं. लढाई संपल्यावर फौजेनं मोडीत काढलेल्या मालातून त्यानं साहेबाच्या चिठ्ठीवर ही पेटी मिळवली होती.

पण माणात रेडिओ होता कुणाकडं? सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा पेटी घराच्या कोपऱ्यात पडून राहिली. त्याची बायको अंजना हिनं तिच्यावर बाजरीचं पोतं ठेवलं. नाथाजी पुन्हा मेंढरांमागं जाऊ लागला.

दिवाळी झाली, तसा कळप नेहमीप्रमाणं कृष्णाकाठाकडं निघाला. तिकडं उसाची रानं. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, खत मिळे म्हणून, आणि धनगराला त्याबद्दल धान्य आणि चारा देत. निघताना नाथाजीनं पेटीतला निम्मा माल दोन पोत्यांत भरला.

कोंडीबा म्हणाला, "घोड्यावर बारकी कोकरं बसवायची का तुजं लोखंड?"

अंजनानं पाटी पुढं ओढली आणि त्यात दोन कोकरं ठेवली. "ही मी डोक्यावर घेती. ती पोती ऱ्हाऊ द्या घोड्यावर."

"दहा दिसाची वाट हाय," कोंडीबा म्हणाला.

"म्हाईत हाय मला."

ताकारीच्या अलीकडं आप्पासो नावाच्या बागायतदाराच्या रानात त्यांचा पहिला तळ पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी ज्वारी आणायला आप्पासोंच्या घरी गेला. घरावर उंच बांबू होता, बांबूवरून आडवी तार गेली होती. ती तार कशाची हे त्या गावात आप्पासोंनंतर फक्त त्यालाच कळलं असेल. तो सोप्याच्या पायरीशी थांबला.

"आवं आप्पा, वर तार हाय, मग रेडिओचा आवाज कसा न्हाई?"

आप्पासोंनी मान वर केली. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, अंगाला मेंढरांचा वास. "बंद पडलाय. सांगलीच्या दुकानदारानं सांगितलं, आतलं समदं संपलंय, नवा घ्या. तू रं कशाला इचारतोस? मेंढरास्नी गाणी ऐकवणार हायस व्हय?"

"फौजेत मी ह्येच काम करत हुतो. बगू का उघडून?"

आप्पासो हसले. रेडिओ भिंतीशी चौरंगावर होता. वर तांबडं फडकं टाकलेलं, पुढच्या जाळीला दसऱ्याचं हळदीकुंकू तसंच होतं. एवढ्यात आतून आप्पासोंची आई, बयाबाई, भिंत चाचपडत सोप्यात आली. म्हातारीची नजर पाच वर्षांपूर्वी गेली होती. रेडिओ आणला होता तो तिच्याचसाठी; रोज सकाळी मुंबईची भजनं ऐकल्याशिवाय ती चहाला हात लावत नसे. दहा महिने झाले, तिची सकाळ सुनी होती.

"उघडू दे की त्याला," ती म्हणाली. "न्हाईतर डबा मेलेलाच हाय. मेल्याला आनी काय करणार हाय त्यो?"

आईपुढं आप्पासोंचं काही चालत नसे. त्यांनी मान हलवली.

नाथाजी लगेच उघडायला गेला नाही. तो खाली बसला. "आदी एक सांगा आप्पा. बॅटरी किती दिस टिकायची?"

"आदी चार म्हैनं टिकायची. मग एकदमच बिघडलं. नवी घातली की दोन दिसात खलास. तीन बॅटऱ्या वाया गेल्या, तवा सांगलीला न्हेला."

नाथाजीच्या तोंडावर हसू पसरलं. "मग काय बी संपल्यालं न्हाई. मोट भरून वर येती, पर मोटंलाच भोक पडलंय. थारोळ्यात पानी यायच्या आत सांडून जातंय. भोक सापडलं की झालं."

हे आप्पासोंना पटलं. विहिरीचं दुखणं त्यांना कळत होतं.

तळावरून पोतं आलं. नाथाजीनं मागची फळी काढली. आत धूळ, कोळ्याचं जाळं आणि एका पुंगळीखाली मेणाचा थिजलेला थेंब. त्यानं तिचं एक टोक सोडवलं. मग विजेरीचे सेल आणि कानाचे डबे तारेनं जोडले आणि ती तार पुंगळीला लावली. पुंगळी चांगली असेल, तर पहिल्यांदा तार टेकवली की कानात एकदाच टिक वाजतं. लगेच पुन्हा टेकवली तर गप्प. आत विजेला पाझर फुटला असेल, तर जितक्या वेळा टेकवावी तितक्या वेळा टिक. ही पुंगळी दर वेळी वाजली. त्यानं डबे आप्पासोंच्या कानांना लावले.

"टिक," आप्पासो म्हणाले. "टिक. टिक."

"ह्येच भोक."

दुपारपर्यंत एकेक पुंगळी तपासून झाली. दोन खराब निघाल्या. एकीच्या जोडीची पोत्यात होती, दुसरीच्या मापाची नव्हती. शिवाय बॅटरीही नवीच लागणार होती. दोन्हीसाठी सांगली गाठणं भाग होतं. पण दुसऱ्याच दिवशी तळ हलवून पुढच्या रानात मेंढरं बसवायचा शब्द कोंडीबानं दिला होता. नाथाजीनं तळावर येऊन भीत भीत सांगितलं. कोंडीबा काही बोलायच्या आत अंजना म्हणाली, "त्येंच्या वाटची मेंढरं मी हाणते. जाऊ द्या त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी आप्पासो आणि नाथाजी आगगाडीनं सांगलीला गेले. दुकानाचे मालक नानासो चष्मा लावून काहीतरी लिहीत बसले होते. त्यांनी आप्पासोंना ओळखलं. "तो सेट ना? त्याचं आयुष्य संपलंय, मी सांगितलं होतं तुम्हाला."

नाथाजी पुढं झाला. "शेट, पॉइंट वनचा कागदी कंडेन्सर पायजे. चारशे व्होल्ट सोसणारा."

नानासोंचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून त्या घोंगड्याकडं पाहिलं. "कुठं शिकलास?"

"जबलपूरला. आनी उरल्यालं आसामात, पावसात."

नानासोंनी गल्ल्याचं झाकण लावलं आणि दोघांना मागच्या खोलीत नेलं. तिथं फळ्यांवर अकरा रेडिओ मुके बसले होते. "खरं सांगतो," ते म्हणाले, "मी विकतो. आतलं मला काही कळत नाही. माझा मेकॅनिक पुण्याला गेला त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून जो सेट येतो, त्याला मी संपला म्हणतो. काय करू?"

आप्पासो रागावणार होते, पण माणसानं सरळच कबूल केल्यावर त्यांना रागावता येईना. नाथाजीचं तर तिकडं लक्षच नव्हतं. जत्रेत निवडक एडके पाहावेत तसा तो त्या अकरा रेडिओंकडं पाहत होता.

"इथंच राहा," नानासो म्हणाले. "सगळे तुझ्या हवाली करतो."

"आदी म्हातारीचा रेडिओ, शेट. मग बगू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासोंच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नाथाजीची डाग द्यायची डागणी तांब्याच्या टोकाची, लाकडी मुठीची. ती चुलीच्या निखाऱ्यात लाल झाली. त्यानं तारेला राळ लावली, कथलाचा तुकडा टेकवला. निळसर धूर निघाला आणि कथील पाण्यासारखं वाहून जागच्या जागी चकाकलं. दोन डाग, चार डाग. फळी न लावताच त्यानं नवी बॅटरी जोडली आणि बटण फिरवलं.

काही झालं नाही. आप्पासोंनी नाथाजीकडं पाहिलं. नाथाजीनं बोट वर केलं, थांबा म्हणून. काचेच्या नळ्यांत अगदी मंद तांबूस रेघ उमटली. जाळीतून आधी खर्र झालं, मग शीळ, आणि मग एका माणसाचा खणखणीत आवाज सोप्यात उभा राहिला.

त्या इंग्रजी बातम्या होत्या. बयाबाईनं पदर सावरला, दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटून ती शेवटपर्यंत बातम्या ऐकत बसली. भजन नव्हे, हे तिला सांगायचा धीर कुणाला झाला नाही. बातम्या संपल्यावर तीच म्हणाली, "मला येडी समजू नगासा. साहेबाची भाषा हाय ती. पर आवाज आला न्हवं? हात त्यालाच जोडलं." सगळा सोपा हसला, आणि सगळ्यात मोठ्यानं म्हातारी.

त्या दिवशी आप्पासोंनी नाथाजीला आपल्या शेजारी पाट मांडून जेवायला बसवलं. आपल्या तोडीच्या उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आठ दिवस मेंढरांना मोकळं केलं. कोंडीबा हिरव्यागार वाढ्यात तुटून पडलेली मेंढरं पाहत बांधावर उभा राहिला. "काय गड्या," तो भावाला म्हणाला, "दोन पुंगळ्या बदलल्या की आठ दिसाचा चारा? हितं आजूबाजूला आनी कुनाचं रेडिओ बंद हाईत का, इचारून ठेव."

सांगलीला नाथाजी गेला, पंधरा दिवस राहिला. अकरातले आठ रेडिओ बोलते केले. दोहोंतल्या नळ्याच फुटलेल्या होत्या, आणि एकात उंदरांनी घर केलं होतं. काम त्याच्या आवडीचं, नानासो माणूस चांगला, खोलीत विजेचा दिवा. पण सकाळी जाग आली की मेंढरांच्या गळ्यातली घाटी ऐकू येत नसे, आणि तो उगीच अस्वस्थ होई. सोळाव्या दिवशी त्यानं पोतं बांधलं.

"अरे, दुकान सोडून रानात बसून रेडिओ दुरुस्त करणार?" नानासो म्हणाले.

"शेट, रेडिओ रानातच चांगला तपासता येतो. हितं शहरात इजेच्या तारांची खरखर शिरती कानात. दुखनं सेटचं का शहराचं, कळत न्हाई."

मग असं ठरलं, की बिघडलेले सेट तळावर पाठवायचे. तळ कुठं आहे, हे ताकारीच्या बाजारात विचारलं की कळे. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या दोन हिवाळ्यांत कृष्णाकाठच्या लोकांनी एक नवल पाहिलं. बाभळीखाली घोंगड्यावर रेडिओ मांडलेले, बाभळीच्या शेंड्याला तार बांधलेली, आणि शेदोनशे मेंढरं गाणं ऐकत रवंथ करताहेत. देश स्वतंत्र झाला, त्या हिवाळ्यात सभेला लागणारा कर्ण्याचा एक मोठा सेटही त्याच्याकडं आला. पुढाऱ्यांची माणसं घोंगड्यावर बसून, दूध पीत, तो पुरा व्हायची वाट पाहत राहिली.

अंजना सुरुवातीला लांबूनच पाहायची. मग एके दिवशी मेंढरं बसल्यावर तिनं कानाचे डबे पदरावरून लावले आणि पुंगळ्यांची पिशवी पुढ्यात ओतली. एकदा टिक ती डावीकडं, पुन्हा पुन्हा टिक ती उजवीकडं. संध्याकाळपर्यंत तिनं सगळी पिशवी निवडली, तांदूळ निवडावेत तशी. नाथाजीनं तपासून पाहिलं. एकही चुकली नव्हती. तेव्हापासून ते काम तिचंच झालं.

एकोणपन्नासच्या माघात विट्याकडच्या एका शाळेचा रेडिओ आला. नाथाजीनं त्यातल्या तीन पुंगळ्या बदलल्या, तरी आवाज कुजबुजल्यासारखाच येई. तीन दिवस तो त्याच्यापुढं बसून होता. चौथ्या दिवशी अंजना भाकरी ठेवून शेजारी बसली आणि डबे कानाला लावून तिनं सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं.

"ही पुंगळी खराब हाय," ती म्हणाली.

नाथाजीनं पाहिलं. "ती मी परवाच घातलीय. कोरी हाय, सांगलीहून आल्याली."

"कोरी असंल. पर टिक टिक करती."

त्यानं डबे घेतले, तार टेकवली. टिक. पुन्हा टेकवली. टिक. कोरा माल खराब असू शकतो, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. तो अंजनाकडं पाहून असा हसत सुटला, की पलीकडून कोंडीबा काय झालं म्हणून उठून आला.

हसणं थांबल्यावर नाथाजीनं निखाऱ्यातली डागणी काढली आणि मूठ तिच्यापुढं केली. "तुला सापडलं, तूच लाव."

अंजनानं जुनी पुंगळी उतरवली, चांगली निवडून बसवली, राळ लावली. पहिला डाग जरा जाड बसला, दुसरा नीट. बटण फिरवलं तसा शाळेचा रेडिओ खुला होऊन बोलू लागला. न्यायला आलेल्या मास्तरांना नाथाजीनं सांगून टाकलं, "ह्यो हिनं केलाय." मास्तरांनी अंजनाला नमस्कार केला. कुठं पाहावं ते तिला कळेना, म्हणून ती डागणीकडं पाहत राहिली.

मास्तरांची गाडी गेल्यावर ती म्हणाली, "आवं, ही लय जड हाय. माज्या हातापुरती बारकी मिळंल का?"

पुढच्या सोमवारी नाथाजी विट्याला तांबटाकडं गेला आणि तिच्या हाताच्या मापाची डागणी करून घेऊन आला.