दोन मिलिव्होल्टची संगिताबाई

आखाडा बाळापूरच्या बाजारात अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारी संगिताबाई ठार बहिरी आहे हे कळलं, की नवं गिऱ्हाईक आधी हसतं, मग मशीन उचलून चालू लागतं. संगिताबाई त्याला थांबवत नाही. "जाऊ द्या," ती म्हणते, "फिरून फिरून इथंच येतंय."

दुकान तिच्या वडिलांचं, हरिचंद मिस्तरींचं. नुसता आवाज ऐकून ते आतला कोणता भाग गेला ते सांगत, आणि लेकही तशीच तयार झाली होती. दहा वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. आठ दिवस ती रडली. नवव्या दिवशी तिनं कपाटातला मीटर काढला.

तेव्हापासून तिची रीत ठरलेली. आधी मीटरच्या वायरींच्या टोकाच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवायच्या आणि मीटर स्वतः किती खोटं बोलतो ते बघायचं. मग स्पीकर काढून तिथं जाडजूड रेझिस्टर जोडायचा. माइकच्या जागी दोन्ही टोकं डाग देऊन जोडलेली एक पिन खुपसायची, म्हणजे बाहेरचं काहीच आत शिरणार नाही. आवाजाचं बटण नेहमीच्या खुणेवर न्यायचं. मीटरवर जे उरेल ती मशीनची स्वतःची घरघर. दोन मिलिव्होल्टवर उतरल्याशिवाय तिच्या दुकानातून मशीन बाहेर पडत नाही.

हट्टा गावचा मंडपवाला नरसिंग हे तिचं वडिलांच्या वेळचं गिऱ्हाईक. त्याच्याकडं चौदा मशीनं, म्हणजे दुकानाचं निम्मं काम. यंदा सप्त्याच्या पहिल्या दिवशी तो टेम्पो घेऊन आला, तो तणतणतच.

"काल तुमच्याकडून नेलं अन् आज पुन्हा घूं करून राहिलं," तो म्हणाला. पाठमोराच बोलत होता. संगिताबाईनं खांद्याला धरून त्याला समोर फिरवलं. ओठ दिसले की तिला बोलणं बराबर कळतं. मग त्यानं तेच पुन्हा सांगितलं आणि वर तोंडावरच म्हणाला, "राग मानू नका बाई. आवाजाचं काम कानवाल्यानंच करावं. सप्ता झाला की माझी सगळी मशीनं वसमतला जातील."

हे तिला लागलं. चौदा मशीनं गेली तर पाठोपाठ बाकीचे मंडपवालेही जातील आणि वडिलांच्या नावाची पाटी उतरवावी लागेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं टेम्पोतलं मशीन उतरवून घेतलं, पिन खुपसली आणि मीटर लावला. दोनच.

"मशीन इथं गप बसतंय अन् तिथं बोलतंय," ती म्हणाली. "म्हंजे खोट तिथं हाय. चला."

हट्ट्याच्या सभामंडपात कीर्तनाची तयारी चालली होती. तिनं स्पीकरच्या टोकांना सुया लावल्या. मीटर एकशे ऐंशीवर. सगळे माइक जिथं जोडले होते त्या मिक्सरची वायर उपटून स्वतःची पिन घातली. मीटर दोनवर. पुन्हा मिक्सर लावला, पुन्हा एकशे ऐंशी. मशीन निर्दोष होतं. मग ती वायरीमागं वायर धरून चालत गेली.

अॅम्प्लिफायरला वीज मंडपाच्या जुन्या बोर्डातून होती, मिक्सरला गाभाऱ्याकडच्या नव्या बोर्डातून. नवा बोर्ड गावातल्या रुख्मिणीबाईंनी यंदाच नवऱ्याच्या स्मरणार्थ दिला होता. दात्याचा मान म्हणून मिक्सर मुद्दाम तिथं लावलेला.

"माझ्या मालकाच्या नावाची लाईन काढू नका, बाई," रुख्मिणीबाई समोर येऊन म्हणाल्या.

"काहून काढू?" संगिताबाई म्हणाली. "दोन बोर्डाच्या दोन अर्थिंग हायेत, त्यांचं आपसात पटंना, तिथूनच ही घूं. म्हणून मशीनबी तुमच्याच बोर्डावर घेते."

रुख्मिणीबाईंचा चेहरा खुलला. वायर ओढली, दोन्ही प्लग एकाच बोर्डात बसले. संगिताबाईनं सुया लावल्या, मीटर दोनवर उतरला, आणि ती हात बांधून उभी राहिली.

नरसिंगनं स्पीकरला कान लावला. वर पंखे फिरत होते, लेकरं कलकलाट करत होती, बाया भांडी आणत होत्या. "गेला का?" चौघांनी विचारलं. नरसिंगनं दुसरा कान लावला. त्याला छातीठोक काही सांगता येईना. शेवटी तो उठला, मीटरशी वाकला, आणि संगिताबाईच्या अगदी समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं सावकाश म्हणाला, "बाई, तुमीच सांगा. हाय का आवाज?"

"न्हाई," संगिताबाई म्हणाली.

नरसिंग लोकांकडं वळला. "न्हाई," त्यानं सांगितलं.