वीतभर दोरी

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला आनि शेजारची मल्लव्वा दारातनंच म्हनली, "तुजी गोदाक्का गेली गं." तान्ही अंगावर पीत हुती, मी तशीच बसून ऱ्हायले... महिना झाला त्याला. कालपतुर तालमीकडं फिरकलेच न्हाय. आता लेकराला कोन घील? मास्तरांनी काडून टाकलं तर खायाचं काय?

नवऱ्यानं टाकलं, तवा पोटुशी मी माळशिरसाहून सोलापुरात आले, नाटक कंपनीत ऱ्हायले. गोदाक्का तितंली जुनी नटी. शिकवायला तालीममास्तर. ते तरनेपनी सोता लुगडं नेसून नायिकेची कामं करायचे, म्हनून बाई कशी चालती ते त्यास्नीच ठावं! आमच्या दोनी घोट्यांत वीतभर दोरी बांदायचे, पाऊल तेवडंच पडाय पायजे. मी दोनदा तोंडावर आपटले. गोदाक्का पोट धरून हसायची, "आगं, त्यो आपलं बगून बाई झाला, आनि आता आपल्यालाच शिकवतोय! घागर घिऊन अशी चाललीस तर घर गाठायला दिवाळी उजाडंल." मास्तर जेवाय गेले की दोरी सोडायची, "चाल आता, विहिरीवरनं आल्यागत." रडायचं बी तसंच. मास्तर म्हनायचे, पदराचं टोक डोळ्याला लाव, बास. ही म्हनायची, "नवऱ्यानं टाकलं तवा नाक वडलंस का न्हाय? मग वड की!"

तान्ही झाली, तिला घिऊन तालमीला गेले, तर मास्तर म्हनले, "लेकुरवाळी नायिका कोन बगनार? जा घरी." मी वळलेच हुते... गोदाक्कानं लेकरू हिसकून खांद्यावर टाकलं आनि नाटकातल्या रानीचं सगळं भाषन तसंच म्हनली. मग इचारलं, "मास्तर, कुटं चुकलं का?" मास्तरांनी वही उगडली, "चला, तालीम सुरू." त्याच दिशी तिनं माज्या पायातली दोरी पडद्याआड, इंगेतल्या तान्हीच्या झोळीला बांदली, आनि माजं काम चालंस्तवर तीच झोका द्यायची... लई लाड करायची.

काल मन घट्ट केलं, लेकराला घिऊन गेले. मास्तरांनी नवी दोरी माज्याच हातात दिली, "ह्या नव्या पोरीच्या पायात बांद." पोरगी माज्याकडं बगाय लागली, मी बी अशीच बगत असनार तवा. झोळीची जुनी दोरी इरली हुती. तिच्या जोडीला नवी बांदली, तान्हीला आत निजवली. म्या भीत भीत पोरीला म्हनलं, "चाल गं... विहिरीवरनं आल्यागत."